अनुदानातून नेमकं काय बदललं? संनियंत्रण आणि मूल्यमापनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या वस्त्यांत आणि जिल्ह्यातल्या गावांत काम करणाऱ्या लहान संस्था, बचत गटांचे संघ, आणि कधी कधी कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात नव्याने लागलेली मुलंमुली मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मी आधी वस्तीत कार्यकर्ती होते. नंतर बरीच वर्षं अनुदान देणाऱ्यांच्या बाजूने प्रकल्प बघायला जात आले. दोन्हीकडे राहून एक गोष्ट मनात पक्की झाली: आकडा ज्यांच्या आयुष्यातून उचललाय, त्यांच्या तो आधी उपयोगी पडला पाहिजे. देणगीदाराचा नंबर त्यानंतर. खालची उत्तरं त्याच समजुतीतून लिहिली आहेत.

संनियंत्रण आणि मूल्यमापन हे वेगळं असतं का?

शेतकरी सकाळी पिकात फेरी मारतो. कुठे कीड पडलीय, कुठे पाणी पोचलेलं नाही हे बघतो आणि त्याच दिवशी हातपाय हलवतो. हे संनियंत्रण. सुगी झाली की तो पोती मोजतो, खर्च वजा करतो, आणि पुढच्या वर्षी हेच बियाणं घ्यायचं का ते ठरवतो. हे मूल्यमापन. ऑफिसात दोन्हीला मिळून 'एम अँड ई' म्हणायची पद्धत पडली आहे, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी वर्षभर कुणी फेरी मारत नाही आणि मार्च तोंडावर आला की धावपळ सुरू होते.

ऑडिट हा तिसराच प्रकार. मंजूर कामावरच पैसे खर्च झाले का, बिलं-व्हाउचर जागेवर आहेत का, हे सीए बघतो. विनियोग प्रमाणपत्र मिळालं म्हणजे पैसे नीट खर्च झाले. कुणाच्या घरात काय बदललं हे त्यावरून कळत नाही.

आम्ही दरमहा किती प्रशिक्षणं झाली, किती जणी आल्या हे कळवतो. आणखी काय हवं?

ते हवंच, पण तिथे थांबता येत नाही. अनुदानाच्या भाषेत याला आउटपुट म्हणतात, म्हणजे आपल्या हातून काय झालं. त्यामुळे समोरच्या माणसाच्या वागण्यात, कमाईत, तब्येतीत, हक्कात काय फरक पडला, तो आउटकम. आणि बऱ्याच काळाने, अनेक कारणांनी मिळून परिस्थितीच पालटते, तो इम्पॅक्ट.

पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत आम्ही शिलाईचा वर्ग चालवायचो. हजेरीपट भरलेला असायचा, प्रमाणपत्रं वाटली, अहवाल गेला, देणगीदार खूश. सहा महिन्यांनी मी घरोघर गेले. शिकलेल्या बायकांपैकी शिवणकामातून पैसे मिळवणाऱ्या मोजक्याच होत्या. एकीच्या घरी दाराशी बसून बोलत होतो. तिने आतून स्वतः शिवलेला ब्लाउज आणून माझ्या हातात दिला. अस्तर, काजं, हुक, सगळं नीटनेटकं. म्हणाली, "ताई, ब्लाउज येतो मला. पण कोपऱ्यावर मास्तर बसतो ना, ब्लाउज सगळ्या त्याच्याकडंच टाकतात. माझ्याकडं येतं ते पिको-फॉल. आणि पिकोचं मशीन कुठंय?"

तिचं हे बोलणं आमच्या वर्षभराच्या अहवालात कुठेच नव्हतं, कारण तो रकानाच आम्ही ठेवला नव्हता. पुढच्या तुकडीपासून आम्ही वर्ग संपल्यावर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात प्रत्येकीला तीनच प्रश्न विचारायला लागलो: या महिन्यात शिवलं का, कुणासाठी, किती मिळाले. वर्गाचा अभ्यासक्रम त्या उत्तरांनी बदलला, आणि वस्तीत चौघींमध्ये एक पिको मशीन आलं.

आमच्या संस्थेत तीनच माणसं आहेत. किती निर्देशक, म्हणजे नियमित मोजायचे आकडे, ठेवायचे?

पाच ते सात पुरेत. अर्जासोबतच्या तक्त्यात वीस-पंचवीस लिहायचा मोह होतो, कारण ते अभ्यासपूर्ण दिसतं. पुढे ते गोळा करणारी एकच ताई असते आणि तीच वर्गही घेते, दवाखान्यातही नेते, रेशनकार्डाचंही बघते. मग रात्री बसून रकाने भरले जातात. अंदाजाने भरलेला आकडा न भरलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतो.

निवडताना मी एकच कसोटी लावते. हा आकडा घसरला तर पुढच्या आठवड्यात आपण काय वेगळं करू? याचं उत्तर सुचत नसेल, तर तो निर्देशक काढून टाका.

जिथे तयार, पारखलेलं मोजमाप आहे तिथे नवं शोधू नका. मुलांच्या वाचनासाठी 'असर' या देशव्यापी शिक्षण-पाहणीची चाचणी २००५ पासून वापरात आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलामागे काही मिनिटं लागतात आणि बारावी झालेली वस्तीतली मुलगीही ती नीट घेऊ शकते. कुपोषणासाठी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र, ११.५ ते १२.५ मध्यम. पट्टीवर लाल, पिवळा, हिरवा रंग असतो, त्यामुळे आईलाही समोरच दिसतं. रक्तक्षयासाठी हिमोग्लोबिन: गरोदर बाईचं ११ च्या खाली, इतर बायकांचं १२ च्या खाली. ही मापं जगभर चालतात, म्हणून तुमची येरवड्यातली वस्ती दुसऱ्या कुठल्याही ठिकाणाशी ताडून बघता येते.

बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीची पायाभूत पाहणी, करायची राहूनच गेली. काम सुरू होऊन वर्ष झालं. आता?

असं सर्रास होतं. पैसे उशिरा येतात, आल्यावर काम सुरू करायची घाई असते, आणि पायाभूत पाहणी 'नंतर करू' म्हणून बाजूला पडते. पण वाट बंद झालेली नसते.

आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं शोधा. अंगणवाडीत वजन-उंचीच्या नोंदी असतात. शाळेत हजेरीपट असतो. बचत गटाच्या इतिवृत्तात कोणी कधी किती कर्ज घेतलं आणि कशासाठी, हे तारखेसकट सापडतं. माझ्या मते ही वही सगळ्यात कमी वापरली जाते आणि सगळ्यात जास्त सांगते. पाण्याचं काम असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते, आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. पावसाचे आकडे शिवाजीनगरच्या हवामान खात्याकडे मिळतात.

याशिवाय लोकांना आठवून सांगायला सांगता येतं. मात्र 'दोन वर्षांपूर्वी उत्पन्न किती होतं' असं विचारू नका, ते कुणालाच आठवत नाही. खूण देऊन विचारा: "धाकटीचं बारसं झालं त्या उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचा?" आठवण प्रसंगाला चिकटलेली असते. आणि अहवालात स्पष्ट लिहा की ही माहिती मागाहून विचारून घेतली आहे.

बदल झाला हे दिसतंय. पण तो आमच्यामुळेच झाला हे कसं सांगायचं?

प्रामाणिक माणसाची झोप उडवणारा प्रश्न हाच आहे. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पुरंदरच्या पूर्व भागात पाऊस मुळातच कमी. तिथल्या एका गावात नाल्यांवर बंधारे आणि बांधबंदिस्तीचं काम झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात विहिरींना पाणी टिकलं. संस्थेने फोटो छापले. पण त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता. मग पाणी बंधाऱ्याचं की पावसाचं?

इथे शेजारचं गाव कामी येतं, जिथे तसाच पाऊस पडला पण काम झालेलं नाही. समजा तुमच्या गावात मार्चमध्ये विहिरीचं पाणी आधी ३० फुटांवर होतं, आता २० फुटांवर आहे. म्हणजे १० फुटांचा फरक. शेजारच्या गावात ३१ वरून २६ वर आलं, म्हणजे ५ फूट. पावसाने ५ फूट दिले असं धरलं, तर तुमच्या कामाच्या वाट्याला साधारण ५ फूट येतात. अहवालात १० लिहिण्याऐवजी ५ लिहायचं, आणि का ते सांगायचं. मी तर म्हणेन, असा ५ फुटांचा दावा मोठा आहे, कारण तो तपासून बघता येतो. शेजारच्या गावात त्याच काळात दुसऱ्या योजनेचं काम झालेलं नाही ना, जास्त बोअर घेतले गेले नाहीत ना, हे मात्र चौकशी करून घ्या.

चिठ्ठ्या टाकून काही गावांना कार्यक्रम द्यायचा, काहींना नंतर द्यायचा आणि तुलना करायची, ही पद्धत गरिबीच्या अभ्यासात रुजवल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ती पद्धत भक्कम आहे. पण त्यासाठी गावं किंवा कुटुंबं बऱ्याच संख्येने लागतात आणि खर्चही तसाच येतो. एका वस्तीत पाच लाखांचं अनुदान घेऊन काम करणाऱ्या संस्थेकडून कुणी ती अपेक्षा करत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

तुमच्यासारख्यांना जमण्याजोगी वाट म्हणजे आपला वाटा दाखवणं. कामाची साखळी कागदावर मांडा: हे केलं, म्हणून हे झालं, म्हणून ते झालं. प्रत्येक कडीला पुरावा काय ते लिहा. आणि दुसरं काय कारण असू शकेल तेही लिहा: नवा रस्ता, कंपनीची बस, लाडकी बहीण योजनेचे पैसे, बदलून आलेले चांगले हेडमास्तर. दुसरी कारणं लिहिल्याने तुमचं काम लहान होत नाही.

बायकांचा आत्मविश्वास वाढला, हे आकड्यात कसं दाखवायचं?

'आत्मविश्वास वाढला का?' असं विचारलं तर सगळ्या 'हो' म्हणतात. तुम्ही चहा पिऊन गेलेल्या असता, वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. त्याऐवजी डोळ्यांना दिसणारं वागणं धरा. बँकेत एकटी जाऊन पैसे काढते का. ग्रामसभेत उठून बोलली का, आणि काय बोलली. घराच्या उताऱ्यावर नाव लागलं का. माहेरी जायला कुणाला विचारावं लागतं. गटातलं कर्ज तिने घेतलं तेव्हा ते पैसे कुणी वापरले. हा शेवटचा प्रश्न अवघड जातो, पण गटाची खरी तब्येत तिथेच कळते.

या बाबतीत इंटर-अमेरिकन फाउंडेशनची मांडणी मला फार आवडते. १९६९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ही संस्था लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या तळागाळातल्या संघटनांना थेट अनुदान देण्यासाठी स्थापन केली. आपली अनुदानं तपासायला त्यांनी खालून वर रुंद होत जाणारा एक शंकू कल्पिला. तळाशी व्यक्ती आणि कुटुंब, मधे संघटना, वर व्यापक समाज. प्रत्येक थरात दिसणारे बदलही मोजायचे आणि न दिसणारेही. उत्पन्न, घर, कौशल्य एकीकडे, तर आत्मसन्मान, संघटनेची नेतृत्व घडवायची ताकद, समाजाची वागणूक दुसरीकडे. आपल्याकडे बहुतेक तक्ते फक्त तळाचा, दिसणारा कोपरा भरतात. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची पुण्यातली संघटना घ्या. १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या नावाने ती उभी राहिली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते आहे. प्रत्येकीची रोजची कमाई हा एक आकडा झाला. पण त्यांच्या गळ्यात ओळखपत्र आलं, सोसायटीच्या गेटवर वॉचमन त्यांना नावाने हाक मारू लागला, महापालिकेला त्यांच्याशी टेबलावर बसून बोलावं लागलं, हे मोजायला शंकूचे वरचे थर लागतात.

दुसरी साधी पद्धत नव्वदच्या दशकात रिक डेव्हिस यांनी बांगलादेशातल्या एका ग्रामविकास कार्यक्रमात बसवली: सगळ्यात महत्त्वाचा बदल. दर तिमाहीला लोकांना विचारायचं, गेल्या तीन महिन्यांत तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल कुठला? गोष्टी लिहून घ्यायच्या, मग सगळ्यांनी बसून एक निवडायची, आणि ती का निवडली तेही लिहायचं. या 'का'वरून वाद होतात, आणि ते वाद ऐकण्यासारखे असतात.

किती जणांना विचारलं म्हणजे पुरे?

तीनशे कुटुंबं असतील आणि टक्केवारी सांगायची असेल, तर चिठ्ठ्या टाकून निवडलेली १६९ कुटुंबं लागतात. त्यात ९५ टक्के विश्वासार्हता आणि मागेपुढे ५ टक्के चूक धरलेली आहे. लोकसंख्या कितीही मोठी असली तरी हा आकडा ३८५ च्या आसपास थांबतो. एवढं जमत नसेल तर टक्केवारी सांगू नका. वीस घरी निवांत बसून बोला आणि 'वीस घरांत हे ऐकलं' असं लिहा.

संख्येपेक्षा कोण सुटलं हे जास्त महत्त्वाचं. पाहणी दुपारी केली तर धुणीभांडी करणाऱ्या बायका सुटतात. दिवाळीनंतर केली तर वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं सुटतात. वर्ग मधेच सोडलेल्यांची नावं यादीतच नसतात, आणि तुमचा कार्यक्रम कुणाला परवडला नाही हे फक्त त्यांनाच माहीत असतं. यादी नेहमी पहिल्या दिवशीच्या नावनोंदणीवरून काढा, शेवटच्या दिवशीच्या हजेरीवरून नको.

प्रश्नावली देणगीदाराने इंग्रजीत पाठवली आहे. भाषांतर करून वापरली तर चालेल?

भाषांतर करा, मग पाच घरांत विचारून बघा, मग दुरुस्त करा. 'आपण कोणत्याही आर्थिक उपक्रमात सहभागी आहात का?' या वाक्याचं कुणी काय करावं? एकदा मी साधं करून विचारलं, "तुम्ही काय काम करता?" बाई म्हणाली, "काही नाही, घरीच असते." तिच्या मांडीवर सूप होतं, त्यात कापूस, आणि बोलता बोलता तिची बोटं वाती वळत होती. शेकड्यावर पैसे मिळायचे. शेजारी बसलेली मुलगी त्या वातींच्या जुड्या बांधत होती. फॉर्मवर मात्र 'गृहिणी' असंच गेलं असतं. तेव्हापासून मी विचारते, "सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा," आणि ऐकत राहते.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात महादेव कोळी आणि ठाकर, मुळशी-वेल्ह्याकडे कातकरी. तिथे प्रमाण मराठीतला प्रश्नही परका वाटतो. त्याच समाजातली मुलगी विचारणारी असेल तर उत्तरं बदलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. उत्पन्न महिन्याचं विचारू नका, रोजंदारीवाल्याला महिना नसतो. गेल्या आठवड्यात किती दिवस काम मिळालं आणि किती रोज पडला, एवढं विचारा.

मोबाइल ॲप वापरावं की वही?

कोबोटूलबॉक्ससारखी साधनं बिनइंटरनेटची चालतात, त्यामुळे पानशेतच्या मागच्या खोऱ्यात रेंज नसली तरी अडत नाही. चुकीचं वय, सुटलेला रकाना तिथल्या तिथे पकडला जातो. मोठी पाहणी असेल तर ॲप घ्या. रोजच्या कामासाठी मात्र मी वहीच्या बाजूची आहे, कारण वही गटात राहते. कुणीही उघडून बघू शकतं, आणि बायका त्यावर बोट ठेवून "हे चुकलंय" म्हणू शकतात. ॲपमधली माहिती पुण्यातल्या ऑफिसात जाते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते.

लोकांची माहिती, आधार, फोटो याबद्दल काय काळजी घ्यायची?

लागत नसेल ते मागू नका, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. आधारची झेरॉक्स 'असू दे' म्हणून घेतली जाते आणि फायलीत पडून राहते. ती कशाला हवी हे सांगता येत नसेल तर घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती आणि कारण या दोन्ही गोष्टी मध्यभागी आणल्या आहेत, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. मारहाण, दारू, एचआयव्ही, कर्ज यांबद्दलची माहिती नावासकट एक्सेलमध्ये घालून मेलवर फिरवणं ताबडतोब थांबवा. नावाच्या जागी क्रमांक द्या आणि क्रमांकांची यादी वेगळ्या कुलपात ठेवा. वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात. नाव काढलं तरी 'तिसऱ्या गल्लीतली तीन मुली असलेली विधवा' म्हटलं की सगळं कळतं.

सीएसआरचा पैसा आहे. इम्पॅक्ट असेसमेंट सक्तीचं आहे का?

बहुतेक लहान प्रकल्पांना नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. जानेवारी २०२१ पासून नियम असा की ज्या कंपनीची ही जबाबदारी तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटी रुपये किंवा जास्त आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं, आणि तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा खर्च वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांतली जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत सीएसआरमध्ये धरता येतो.

तेव्हा आठ लाखांच्या अनुदानाला कुणी या नियमाचा धाक दाखवत असेल तर नियम समोर ठेवून बोला. परदेशी निधी असेल तर त्याच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आहे आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यावर बंदी आहे. मूल्यमापनाचा कुठला खर्च कुठल्या शीर्षाखाली जाईल हे अर्ज करण्याआधीच सीएशी बोलून ठरवा.

मूल्यमापनासाठी बजेटमध्ये किती ठेवायचे?

माझा सल्ला, एकूण रकमेच्या साधारण ५ टक्के. तीन लाखांच्या कामात त्याचे १५ हजार होतात. त्यात वस्तीतल्याच दोन मुलींचं आठ-दहा दिवसांचं मानधन, झेरॉक्स, प्रवास आणि निष्कर्ष सांगायच्या बैठकीचा चहा-नाश्ता बसतो. मानधन नक्की धरा. बायकांनी फुकट आकडे गोळा करून द्यावेत अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आकडे वाईट आले तर निधी बंद होईल का?

ही भीती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. एका देणगीदाराने आमचं अनुदान खरंच थांबवलं होतं. किशोरवयीन मुलींच्या गटातल्या निम्म्याहून जास्त मुली वर्षभरात गळाल्या, आणि ते आम्ही लपवलं नाही. दोन कार्यकर्त्यांचे पगार अडले. मला तेव्हा खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मुली का गळाल्या हे आम्ही घरोघर जाऊन विचारलेलं होतं. गट संध्याकाळी सातला भरायचा, आणि ज्या गल्लीतून यायचं तिथला दिवा बंद होता. आम्ही वेळ पाचवर आणली, दिव्यासाठी नगरसेवकाच्या ऑफिसात मुलींनाच अर्ज घेऊन पाठवलं. दुसऱ्या देणगीदाराला अर्ज करताना ही सगळी हकिगत जशीच्या तशी लिहिली, आणि त्यावरच निधी मिळाला.

म्हणून वाईट आकडा एकटा पाठवू नका. त्याच्यासोबत कारण पाठवा आणि आता काय बदलतोय ते पाठवा. तेही वर्षअखेरीची वाट न बघता, कळल्याबरोबर, फोन करून. देणगीदारांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिल्या वाईट आकड्याला शिक्षा केलीत, तर त्यानंतर तुम्हाला खरा आकडा कधीच दिसणार नाही.

देणगीदाराची माणसं भेटीला येणार आहेत. तयारी काय करावी?

शाल-श्रीफळ, रांगोळी, मुलींचं स्वागतगीत, यात वस्तीचा अर्धा दिवस जातो. टाळा. वह्या जागेवर ठेवा, आणि पाहुण्यांना तुमच्याशिवाय दोन घरी जाऊ द्या. पाहुण्यांनी बायकांच्या कामाच्या वेळेत येऊ नये, हे त्यांना आधी सांगायला संकोचू नका.

मूल्यमापन लोकांनी स्वतःच केलं तर?

करायलाच हवं. महाराष्ट्राने रोजगार हमी देशाच्या कितीतरी आधी आणली, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेला कामांचं सामाजिक अंकेक्षण करायचा हक्क दिला. मस्टर वाचून दाखवायचं, ज्याचं नाव वाचलं त्याने उभं राहून 'मी होतो' किंवा 'मी त्या दिवशी गावातच नव्हतो' म्हणायचं. तुमच्या अनुदानाचं बजेट वस्तीच्या बैठकीत असं वाचून दाखवा. पगार किती, प्रवास किती, मशीनला किती.

अक्षरओळख नसेल तर बिया घ्या. पाच कामांची चित्रं जमिनीवर मांडा, प्रत्येकीला दहा चिंचोके द्या, ज्याचा जास्त उपयोग झाला तिथे जास्त ठेवायला सांगा. मग चिंचोके मोजा आणि 'इथे इतके कमी का?' विचारा. आमच्या आरोग्य शिबिराच्या चित्रावर एकदा दोनच चिंचोके पडले. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी देतात, पण औषध बाहेरून आणावं लागतं, असं बायकांनी सांगितलं. शिबिरात चारशे जण तपासले, हे आम्ही तोपर्यंत अभिमानाने लिहीत होतो.

बाहेरच्या तज्ज्ञाने केलेलं मूल्यमापन असेल तर करारातच लिहून घ्या की निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, वस्तीत येऊन सांगितले जातील.

प्रकल्प संपून गेल्यावर परत जायचं का?

जायचं. इंटर-अमेरिकन फाउंडेशन काही निवडक प्रकल्पांना संपल्यावर पाच वर्षांनी भेट देऊन बघायचं की काय उरलं. आपल्याकडे त्यासाठी पैसे सहसा कुणी देत नाही, पण एसटीचं तिकीट काढून एक दिवस जाता येतं.

पुरंदरच्या त्या गावात बंधाऱ्याचं काम चालू असताना एका मुलीला विहीर मोजायचं काम दिलं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून सोडायचा, दोरीवर फुटाफुटाला गाठ, ओली झालेली गाठ मोजायची आणि शाळेच्या दोनशेपानी वहीत तारीख-फूट लिहायचं. प्रकल्प संपला, तिचं मानधन संपलं, पुढे लग्न होऊन ती सासरी गेली. मी काही वर्षांनी गेले तेव्हा एका बंधाऱ्याचा सांडवा फुटलेला होता आणि दुसऱ्यात गाळ भरला होता. ते मी लिहून घेतलं. मग विहिरीवर गेलो. दोरी तीच नव्हती, नायलॉनची नवी होती, गाठी मात्र फुटाफुटालाच. तिची धाकटी भावजय मोजत होती. वही तिसरी चालू होती. मी विचारलं, आता हे कुणासाठी लिहिता? म्हणाली, "मार्चचा आकडा बघूनच ठरवतो ना, उन्हाळी कांदा लावायचा का नाही ते."